उजव्या सोंडेचा ठसा: अतिवास्तव मुद्राचित्रांतलं माणसाचं शरीर

आमच्या मुद्राचित्रांच्या वर्कशॉपमध्ये पहिलं एचिंग, म्हणजे ॲसिडने कोरलेल्या प्लेटवरून घेतलेला छाप, म्हणून बहुतेक मुलं गणपतीच काढतात. मुंबईत वाढलेल्या मुलाच्या हातात तो बसलेलाच असतो. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने झिंकच्या प्लेटवर फार सुरेख गणपती काढला, घरच्या मूर्तीसारखाच डाव्या सोंडेचा. प्लेट ॲसिडमधून काढली, शाई भरली, पुसली, ओलसर कागद वर ठेवून प्रेसमधून फिरवली. कागदाचा कोपरा उचलला आणि तो गप्पच झाला. कागदावर सोंड उजवीकडे वळलेली होती. चित्र घरी नेलं तेव्हा आजीने ते हातात घेतलं, नमस्कार केला आणि म्हणाली, "हा तर सिद्धिविनायकासारखा उजव्या सोंडेचा रे बाळा. याचं सोवळं कडक असतं, आपल्याच्याने व्हायचं नाही. भिंतीवर नको लावूस."

छापताना अक्षरं उलटतात हे त्याला ठाऊक होतं. शरीरही उलटतं, हे मनात आलं नव्हतं. आणि शरीर उलटलं की नुसती दिशा बदलत नाही. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो. उजव्या हाताने जेवणारा माणूस डावखुरा होतो. घारापुरीच्या लेण्यातला अर्धनारीश्वर जसा दिसतो तसाच प्लेटवर उतरवून छापलात, तर वामांगी असलेली पार्वती उजवीकडे येऊन उभी राहते. कलाकाराने काहीही ठरवलेलं नसताना प्रेसने शरीराचा अर्थ बदललेला असतो.

अतिवास्तववादी चित्रकारांनी माणसाचं शरीर मोडलं, वितळवलं, भलत्याच गोष्टींना जोडलं, हे कलेच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. ते सगळं स्वप्नांतून आणि सुप्त मनातून आलं, असंही तिथे सांगितलेलं असतं. खोटं नाही ते. पण मुद्राचित्रांबद्दल बोलायचं तर एवढ्यावर थांबता येत नाही. ही शरीरं जितकी मनातून आली तितकीच धातूतून, ॲसिडमधून आणि प्रेसमधून आली, असं मला रोज काम करताना दिसतं. ते कसं, हेच इथे सांगायचं आहे.

आधी मुद्राचित्र म्हणजे काय ते पाहू. मराठीत मुद्राचित्रण हा शब्द आहे, पण स्टुडिओत सगळे प्रिंटमेकिंगच म्हणतात. शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडी कापून रंगात बुडवून ठसे उठवले असतील, तर त्याचं मूळ तत्त्व तुम्हाला आलेलं आहे. कागदावर थेट काढायचं नाही, दुसऱ्या एखाद्या पृष्ठभागावर काढून तिथून कागदावर घ्यायचं. एचिंगमध्ये तो पृष्ठभाग म्हणजे झिंकची किंवा तांब्याची प्लेट. तिच्यावर मेण आणि डांबर यांचा पातळ थर देतात, त्याला ग्राउंड म्हणतात. सुईने ग्राउंड खरवडून रेघ काढली की तेवढाच धातू उघडा पडतो. मग प्लेट पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवायची. रेघेरेघेवर बारीक बुडबुडे धरतात, ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच दूर करत राहायचं. उघडा धातू ॲसिड खातं आणि रेघेची चर होते. त्या चरीत शाई भरून वरचा भाग जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून काढायचा. प्रेसच्या रुळाखाली ओलसर सुती कागद चरीत दाबला जातो आणि तिथली शाई उचलून आणतो.

ॲसिड किती खाईल हे पूर्णपणे आपल्या हातात नसतं. उन्हाळ्यात ते तापतं आणि भराभर खातं. एक मिनिट जास्त झालं तर नाजूक पापणीची जाड भिवई होते. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये दोन हात असतात, एक आपला आणि दुसरा ॲसिडचा.

आता अतिवास्तववाद, म्हणजे सर्रियलिझम. आंद्रे ब्रेतों या कवीने १९२४ साली पॅरिसमध्ये त्याचा जाहीरनामा काढला. मागणी थोडक्यात अशी, की बुद्धीचा पहारा उठवा आणि मनात जे जसं येईल ते तसंच उतरू द्या. हे श्रीमंतांचं रिकामपणचं खूळ नव्हतं. ब्रेतों वैद्यकशास्त्र शिकलेला होता. पहिल्या महायुद्धात सँ-दिझिए इथल्या इस्पितळात त्याने आघाडीवरून मन बिघडून परतलेले सैनिक पाहिले होते. चित्रकार आंद्रे मासों १९१७ साली छातीत गोळी लागून कसाबसा वाचला. माक्स एर्न्स्ट जर्मन तोफखान्यात होता. ज्या शहाण्या, सुशिक्षित युरोपने हिशेब करून लाखो तरुण शरीरांच्या चिंध्या केल्या, त्याच्या शहाणपणावरून या लोकांचा विश्वास उडाला होता. त्यांच्या चित्रांत सुटे हात, डोकं नसलेली धडं दिसली की मी विद्यार्थ्यांना आधी या इस्पितळांबद्दल सांगते. डोकं नसलेलं धड त्यांना कल्पनेतून आणावं लागलं नव्हतं.

इथे मुलं हमखास विचारतात, "मॅडम, मग आपला गणपती सर्रियल का नाही? माणसाच्या धडावर हत्तीचं डोकं आहे की." प्रश्न चांगला आहे. तीन शिरांचे दत्त, अर्धा सिंह असलेला नरसिंह, दहा हातांची देवी यांच्यात आपण लहानाचे मोठे होतो. शिवाय आपल्याकडे हे देव छापूनच घरोघरी पोहोचले. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८चा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा आणि दगडावरचं चित्र उलटं असायला लागायचं, म्हणजे लक्ष्मीच्या उजव्या हातातली वस्तू उजव्याच हातात राहील. देवाच्या शरीराला व्याकरण आहे. किती हात, कोणत्या हातात काय, वाहन कोणतं, हे शिल्पशास्त्राने ठरवलेलं असतं. पाहणारा ओळखतो आणि हात जोडतो. अतिवास्तव चित्रातल्या पक्ष्याच्या डोक्याच्या माणसाला अशी ओळख नसते. हात जोडायचे की पळायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. आपल्या आजीला उजवी सोंड अस्वस्थ करते ती व्याकरण मोडलं म्हणून. अतिवास्तववाद्यांना नेमकी तीच अस्वस्थता हवी होती, आणि ती छापण्याच्या क्रियेत फुकट मिळते हे त्यांनी हेरलं.

सगळ्यात आधी हेरलं ते एर्न्स्टने. त्याने स्वतः सांगितलेली हकिगत अशी: १० ऑगस्ट १९२५, फ्रान्सच्या समुद्रकाठचं एक लॉज, बाहेर पाऊस. घासून घासून खोल झालेल्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर त्याची नजर खिळली. त्याने फळ्यांवर कागद टाकून वरून काळं शिसं घासलं. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तेच हे. याला फ्रोताज म्हणतात. लाकडाच्या रेषांतून त्याला जंगलं, प्राणी, डोळे दिसू लागले. गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीच्या लाकडी जिन्यावर हा प्रयोग जरूर करा. पायरीच्या मधोमध, जिथे चार पिढ्यांची पावलं पडून लाकूड खोलगट झालंय, तिथे कागद ठेवा. १९२६ साली एर्न्स्टने अशा ३४ चित्रांचा छापील संच काढला. त्यात पानं आहेत, पक्षी आहेत, किडे आहेत. माणूस येतो तो शेवटच्या, चौतिसाव्या चित्रात. ती ईव्ह आहे, आणि आपल्याकडे पाठ करून बसलेली. मान आणि डोक्याची मागची बाजू, बस्स. फळ्यांतून आणि पानांतून सृष्टी उभी राहिली आणि शेवटी आलेल्या बाईने चेहराच दाखवला नाही. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्या वळण्याची वाट पाहत राहिले होते.

पुढे १९३३ साली, इटलीत, त्याने एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त कादंबऱ्यांतली आणि शास्त्रीय मासिकांतली लाकूडकोरीव चित्रं कात्रीने कापली. दिवाणखान्यातल्या सभ्य गृहस्थाला सिंहाचं डोकं लावलं, शोकाकुल बाईच्या पाठीला वटवाघळाचे पंख. मूळ कोलाज पाहिलं तर डिंक लावलेल्या कडा दिसतात. त्याचा ब्लॉक करून छापल्यावर कडा नाहीशा होतात. डोकं आणि धड एकाच शाईचं, एकाच जातीच्या रेघांचं, जणू हा प्राणी असाच जन्मला. जोड लपवण्याचं काम छपाईने केलं, आणि जोड दिसत नाही म्हणून पाहणारा दचकतो.

घडी घातलेल्या कागदाचा एक खेळही या मंडळींत होता, साधारण १९२५ पासून. एकाने डोकं काढून कागद दुमडायचा, दुसऱ्याने न बघता धड, तिसऱ्याने पाय. फ्रेंचमधलं त्याचं नाव 'उत्कृष्ट प्रेत' असं आहे, कारण हाच खेळ शब्दांनी खेळताना जमलेलं पहिलं वाक्य याच दोन शब्दांनी सुरू झालं होतं. घरी मुलांबरोबर खेळून बघा. फार समजावण्यासारखं त्यात काही नाही.

आता ज्याच्याशिवाय हा विषय पुढे जात नाही तो माणूस: स्टॅन्ली विल्यम हेटर. इंग्लंडचा, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ, इराणमधल्या अबादानला तेल कंपनीत नोकरी केलेला. १९२६ साली सगळं सोडून पॅरिसला आला आणि वर्षभरात त्याने मुद्राचित्रांचा स्टुडिओ काढला. १९३३ साली तो १७ नंबरच्या घरात गेला म्हणून नाव पडलं अतेलिए १७, अतेलिए म्हणजे स्टुडिओ. मिरो, एर्न्स्ट, मासों, जाकोमेत्ती, पिकासो हे सगळे तिथे प्लेटवर वाकले. तोवर बरेच चित्रकार रेखाटन कारागिराच्या हाती देत आणि तो ते प्लेटवर उतरवून छापून देई. हेटरचा आग्रह असा, की आधी चित्र ठरवायचंच नाही. प्लेटवर जे घडेल तेच चित्र.

त्याचं आवडतं हत्यार होतं ब्युरिन, म्हणजे धातू कोरायची टोकदार छिन्नी, लाकडी मुठीची. मूठ तळव्यात धरून ती पुढे ढकलायची असते. वळणदार रेघ हवी तर हात वळवायचा नाही. हात जागेवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने खालची प्लेट फिरवायची. कुंभाराचं चाक आठवा. आता विचार करा, तुम्ही एक माणूस कोरताय. प्लेट फिरतेय, कधी त्याचं डोकं तुमच्याकडे, कधी पाय. खालचं आणि वरचं राहतच नाही. अर्ध्या तासाने मांडीची रेघ निघते ती खांद्याची होऊन परत येते. हेटरच्या आकृत्या हवेत गरगरताना, एकमेकींतून आरपार जाताना दिसतात, त्याचं कारण त्याच्या मनाइतकंच त्याच्या डाव्या हातात आहे. मुलगा डेव्हिड गेल्यानंतर १९४६ साली त्याने 'पाच आकृत्या' हे मोठं रंगीत मुद्राचित्र केलं. कोरलेल्या रेघांच्या जाळ्यात शरीरं कुठे सुरू होतात नि कुठे संपतात, कळत नाही. मुलाचं शरीर गमावलेल्या बापाने केलेलं चित्र आहे, हे कळल्यावर ते न कळणंच सोसवत नाही.

तो उजव्या सोंडेचा गणपती पुढे काय झाला, ते इथेच सांगायला हवं. आजीने नको म्हटल्यावर मुलगा प्लेट घेऊन परत आला. म्हणाला, "सोंड फिरवून देतो." धातूवरची रेघ खोडरबराने जात नाही. तिकोनी स्क्रेपरने धातू खरवडायचा, मग बर्निशर नावाच्या गुळगुळीत पोलादी हत्याराने तेल लावून घासत बसायचं. दोन दिवस तो घासत होता. बाहेर पाऊस, आत कागद वाळता वाळत नव्हते. मग त्याने प्लेटवर उजवीकडे सोंड काढली, पुन्हा ॲसिड, पुन्हा प्रूफ, म्हणजे तपासून बघायचा छाप. कागदावर सोंड डावीकडे वळलेली आली, अगदी हवी तशी. पण घासलेल्या जागी जुन्या सोंडेची सावलीही होती. फिकट, करडी, पाण्याखालून दिसावी तशी. एका डोक्याला दोन सोंडा, एक आताची आणि एक आधीची.

प्लेट विसरत नाही. कागदावर खोडलेलं पुष्कळदा नाहीसं होतं, धातूवर त्याचा व्रण राहतो. हेटरच्या स्टुडिओत या व्रणांना चूक मानत नसत, तिथून पुढचं चित्र सुरू करत. त्या मुलाने ते प्रूफ फाडायला घेतलं होतं, मी त्याच्या हातातून काढून घेतलं.

या विषयातली एक गोष्ट मला अजूनही खटकते. शरीर मोडायचं म्हटलं की या पुरुषांनी बहुतेक वेळा बाईचंच मोडलं. हान्स बेल्मरचं उदाहरण घ्या. १९३०च्या दशकात जर्मनीत त्याने सांध्यांतून सुटी होणारी एक बाहुली केली. नाझींच्या घोटीव, निरोगी, आज्ञाधारक शरीराला तिचा विरोध होता. शब्दातली अक्षरं उलटीपालटी करावीत तसे अवयव मांडता येतात, असं तो मानत असे. त्याची कोरीवचित्रं पाहिली तर रेघ केसाइतकी बारीक, एकाच रेघेत बोट, जांघ, चेहरा. हाताची कमाल आहे. तरीही दर वेळी सुटी होते ती मुलगीच, आणि तिला कुणी विचारलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यातली एक लपवून मला त्याची चित्रं शिकवता येत नाहीत.

उत्तर पुढे बायकांनीच दिलं. युद्धकाळात हेटर न्यूयॉर्कला गेला, स्टुडिओही गेला. तिथे शिल्पकार लुईज बुर्ज्वा काम करायला येई. तिने स्वतःला सर्रियलिस्ट म्हणवून घेतलं नाही, पण त्याच काळात तिने केलेली बाई बघा: धड उघडं, आणि डोक्याच्या जागी घर. खिडक्या, जिने, खांब. ही मोडलेली बाई बाईने काढलेली आहे, आतून. १९४७ साली तिने ९ कोरीवचित्रांचा एक संच केला. त्यात शरीरांच्या जागी बहुतेक ठिकाणी इमारती आहेत, उंच, हडकुळ्या, एकमेकींपासून अंतर राखून उभ्या. लोअर परळच्या पुलावरून गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर बघताना मला तो संच आठवतो.

आणि आता मुंबई. हेटर १९५० साली पॅरिसला परतला, आणि त्या काळात तिथे आलेल्यांत आपलीही माणसं होती. मुंबईत जन्मलेले कैको मोती आणि आंध्रातून शांतिनिकेतनमार्गे आलेले कृष्ण रेड्डी. या दोघांनी मिळून एक रीत बसवली, जी आज जगभर शिकवतात: व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग. एकाच प्लेटवर, एकाच छापात सगळे रंग. प्लेट वेगवेगळ्या पातळ्यांवर खोल कोरायची. एका शाईत जवसाचं तेल जास्त घालून ती सैल करायची, दुसरी घट्ट ठेवायची. कडक रूळ सैल शाई घेऊन फक्त वरच्या उंचवट्यांवरून जातो. मऊ रूळ दबून खोलात उतरतो आणि घट्ट शाई तिथे ठेवतो. वरच्या तेलकट थरावर घट्ट शाई बसत नाही, घसरते. स्वयंपाकघरात तेलाचा हात लागलेल्या ताटावर ओलं पीठ चिकटत नाही, साधारण तसंच.

रेड्डी मुळात शिल्पकार होते, पॅरिसमध्ये झाडकिन या शिल्पकाराकडे शिकलेले. प्लेट त्यांच्यासाठी चपटं शिल्पच होतं. १९६८च्या पॅरिसमधल्या आंदोलनानंतर त्यांनी 'निदर्शक' हे मुद्राचित्र केलं. माणसं एकमेकांना इतकी लागून, की एकाची बाजू दुसऱ्याची बाजू होते. खोलातला रंग वरच्या रंगाला धरून असतो आणि गर्दी एकच अंग होऊन थरथरते. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावरून उतरणाऱ्या कुणालाही हे शरीर समजावून सांगावं लागत नाही. रेड्डींना अतिवास्तववादी म्हणणं बरोबर नाही, त्यांची वाट निसर्गाकडून येते. पण ठरवून न काढता धातूत शोधण्याचा संस्कार त्याच स्टुडिओचा.

आपले चित्रकार अकबर पदमसी जे. जे.मधून बाहेर पडून १९५१ साली पॅरिसला गेले आणि तेही हेटरच्या स्टुडिओत जाऊ लागले. १९५२ साली त्यांना एका फ्रेंच कलानियतकालिकाचं पारितोषिक मिळालं, ते देणारा होता खुद्द ब्रेतों. दोनच वर्षांनी जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचं प्रदर्शन लागलं तेव्हा 'लव्हर्स' या चित्रांवरून पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला. पुरुषाचा हात बाईच्या छातीवर होता, एवढंच. पदमसी झुकले नाहीत, कोर्टात उभे राहिले आणि निर्दोष सुटले. १९६९ साली नेहरू फेलोशिपच्या पैशांतून त्यांनी नेपियन सी रोडला चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यांच्यासाठी एक सामायिक वर्कशॉप काढलं, त्यात एचिंगचीही सोय होती. पैसा स्वतःच्या चित्रांवर खर्च न करता त्यांनी तो शेजारच्या हातांत दिला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

पुढच्या वेळी काळा घोड्याला एखाद्या प्रदर्शनात मुद्राचित्र दिसलं तर घाईने नाव वाचून पुढे जाऊ नका. खाली पेन्सिलने ३/२५ असं काही लिहिलेलं असेल. म्हणजे पंचवीस छापांतला तिसरा. ही नक्कल नव्हे, पंचवीसही अस्सल, प्रत्येकाला वेगळी शाई भरून, वेगळी पुसून काढलेली. मग थोडं बाजूला उभं राहून तिरप्या उजेडात कागद बघा. चित्राभोवती चौकोनी दबलेली खूण दिसेल, ती प्लेटची कड. तिच्या आत कुठे फिकट, अर्धवट पुसलेली रेघ दिसते का शोधा. आणि माणसाची आकृती असेल तर तिचे हात बघा. जेवत असेल, लिहीत असेल, कुणाला काही देत असेल, तर कोणत्या हाताने. डावा दिसला तर मनातल्या मनात चित्र उलटवा. प्लेटवर वाकलेल्या माणसाला ती तशी दिसत होती.